समुद्रातले बेणे

उद्यमबागेपासून समुद्र तसा लांबच. चोर्ला घाटाने गोव्याला किंवा आंबोलीवरून मालवणाकडे उतरायचे म्हटले तरी अर्धा दिवस मोडतो. तेव्हा समुद्रातल्या शेतीशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण वाढदिवसाच्या पुडिंगसाठी आपण दुकानातून जे चायना ग्रास आणतो, ते लाल समुद्रशेवाळापासून काढलेले असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी बशीत ओततात ते अगारही तेच. दातांचे डॉक्टर कवळीसाठी माप घेताना जो गुलाबी लगदा तोंडात धरायला लावतात, त्यातला मुख्य घटक तपकिरी शेवाळातून येतो. म्हणजे शेवाळ आपल्या घरात केव्हाच आलेले आहे, आपल्याला त्याची ओळख नाही इतकेच.

मला ही ओळख माझ्या मुलीमुळे झाली. उद्यमबागेत माझे छोटे मशिन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग आणायचे, मशिनिंग करून द्यायचे, हा आमचा धंदा. मुलगी याच शाळेची विद्यार्थिनी. बारावीला आल्यावर तिने घरात जाहीर केले, की तिला इंजिनिअरिंगला जायचे नाही, मत्स्यविज्ञान शिकायचे आहे आणि पुढे समुद्रशेवाळावर काम करायचे आहे. तिची आजी म्हणाली, ''अगं, मासे धरायला कॉलेज कशाला लागतंय?'' मी एवढेच म्हणालो, ''नवीन जॉब घेताना मी चार गोष्टी विचारतो. कच्चा माल काय, वेळ किती, वजन किती उतरणार आणि घेणार कोण? याचे कोटेशन दे, मग बोलू.'' तिने सुट्टीत वहीभर माहिती गोळा केली. त्यातले काही इथे मांडतो, कारण असा प्रश्न उद्या तुमच्याही घरात निघू शकतो.

आपल्या देशात ही शेती मुख्यतः तमिळनाडूत, रामेश्वरजवळच्या मंडपम भागात होते. भावनगरला १९५४ साली सुरू झालेली केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये कप्पाफायकस नावाचे लाल शेवाळ जपानमधून थोडेसे आणले, आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढवून पाहिले आणि नंतर मंडपमला नेले. २००० नंतर कंपन्या माल घेऊ लागल्या आणि किनाऱ्यावरच्या बायकांचे बचत गट त्यात उतरले.

पद्धत अगदी साधी आहे. बांबूचा बारा फूट लांब-रुंद तराफा करतात. त्याला वीस दोऱ्या आणि प्रत्येक दोरीला शेवाळाचे वीस तुकडे बांधतात. एक तुकडा दीडशे ग्रॅमचा, म्हणजे एका तराफ्याला साठ किलो बेणे लागले. विद्यार्थी मित्रांनो, गुणाकार करून पाहा. वाढ चांगली झाली तर पंचेचाळीस दिवसांत त्याचे साधारण दोनशे चाळीस किलो होतात. साठ किलो पुढच्या लावणीला ठेवले की एकशे ऐंशी उरतात आणि वाळवल्यावर त्याचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे अठरा किलो हाती लागतो. जमीन नको, गोडे पाणी नको, वरून खत नको. ऊन आणि समुद्राचे पाणी यांवर पीक येते.

हा हिशेब पाहिल्यावर इंधनाचा प्रश्न माझ्या लगेच लक्षात आला. शेवाळापासून इंधन, हे ऐकायला छान वाटते. पण शंभर किलोत नव्वद किलो पाणीच असेल तर ते वाळवण्यातच उष्णता खर्च होणार. ओल्या लाकडावर बंब तापवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. गोबर गॅससारखे ओलेच कुजवून गॅस काढता येतो, पण त्यासाठी माल प्रचंड आणि स्वस्त हवा. १९७०च्या दशकात तेल महागले तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत केल्प नावाचे प्रचंड वाढणारे शेवाळ लावून गॅस काढायचा प्रयत्न झाला. लाटांनी ते सामान मोडले, पुढे तेल स्वस्त झाले आणि तो बेत मागे पडला. तेव्हा आजच्या हिशेबाने खाणे पहिले, जनावरांचा चारा आणि पिकांची औषधे नंतर, आणि इंधन सगळ्यात शेवटी.

चाऱ्याचे काम मात्र लक्ष देण्यासारखे आहे. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन वायू सोडतात. ॲस्पॅरागॉप्सिस नावाचे लाल शेवाळ थोड्या प्रमाणात चाऱ्यात मिसळल्यावर तो वायू खूपच कमी होतो, असे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात ही घट ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली. मात्र त्या शेवाळात ब्रोमोफॉर्म असते, त्यामुळे दूध आणि जनावराची तब्येत तपासूनच पुढे जावे लागते.

आणि पिकांचे औषध तर आपल्या भागात पोचलेच आहे. ओले शेवाळ दाबून काढलेला रस पिकांवर फवारतात. निपाणीकडे माझा धाकटा भाऊ ऊस करतो. एका दुकानदाराने त्याला सांगितले, की ही बाटली मारली की खताची गरज नाही. भावाने शहाणपणा केला. खत नेहमीसारखेच दिले आणि अर्ध्याच सऱ्यांवर फवारणी केली. फवारलेल्या सऱ्यांत पाला थोडा हिरवागार दिसला, फरक होता पण चमत्कार नव्हता. हा रस वाढीला मदत करतो, खताची जागा घेत नाही. २०२१ पासून अशी औषधे केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. तेव्हा बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भावाला मी मंडपमची हकीकत सांगितली, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. ''बेणे कधी बदलतात?'' ऊसवाल्याला हे माहीत असते. त्याच त्याच उसाचे कांडे वर्षानुवर्षे लावत राहिले की जोम कमी होतो आणि रोग शिरतो. मुलीच्या वहीत याचे उत्तर होते. आपल्याकडचे कप्पाफायकस त्या थोड्याशा बेण्यातूनच तुकडे करून वाढवत नेले गेले. २०१३ नंतर ते मोठ्या प्रमाणात मेले आणि उत्पादन घसरले. त्या बायकांच्या घरात येणारा पैसा थांबला. शिवाय हे शेवाळ बाहेरचे. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवले. म्हणजे बेणे नवे हवे आणि शक्यतो इथलेच हवे.

बेण्याचे महत्त्व जपानने आधी अनुभवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले नोरी नावाचे खायचे शेवाळ वरचेवर बुडत होते आणि त्याचे बी उन्हाळ्यात कुठे जाते हेच कोणाला ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला कॅथलीन ड्रू-बेकर नावाच्या बाई होत्या. लग्न झाल्यामुळे विद्यापीठातली नोकरी गेली, तरी त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या. हे शेवाळ उन्हाळ्यात शिंपल्यांच्या कवचात दडून वाढते, हे त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून जपानी शास्त्रज्ञांनी बी तयार करण्याची रीत बसवली. बाई जपानला कधी गेल्या नाहीत, पण उतो गावात त्यांचे स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तराफा टिकत नाही. लाटा मोठ्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याने खारेपणा उतरतो. त्यामुळे पावसाळा संपल्यावर लावायचे आणि पुढच्या पावसाच्या आधी काढायचे, असे इथलेच बेणे शोधावे लागेल. २०२० मध्ये केंद्राने शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. पण पैशांनी दोऱ्या आणि बांबू येतात, बेण्याची माहिती शिकलेल्या माणसांकडूनच येते. म्हणून मी मुलीचे कोटेशन मान्य केले. मंगळूर आणि रत्नागिरी, दोन्हीकडच्या मत्स्य महाविद्यालयांचे अर्ज भरले आहेत. आजीचा आक्षेप अजून कायम आहे.

शाळेची सहल मालवणला गेली तर ओहोटीच्या वेळी खडकांवर काय काय वाढते ते मुलांना जरूर दाखवावे. तिथला काही भाग सागरी अभयारण्यात येतो, त्यामुळे उपटू नये, नुसते पाहावे आणि वहीत चित्र काढावे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००४ मध्ये धारगळकर आणि कवळेकर यांचे शेवाळ ओळखण्याचे एक पुस्तक काढले आहे. ते इंग्रजीत असले तरी चित्रांवरून मुलांना कळेल. शाळेच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत असावी, अशी विश्वस्तांना विनंती आहे.