मधली रिळं

3 मे 2020. रविवार. दुसऱ्या लॉकडाऊनचा तो शेवटचा दिवस, पण दोनच दिवसांपूर्वी मुदत आणखी दोन आठवडे वाढली होती आणि आपलं बडोदं रेड झोनमध्ये गेलं होतं. दांडिया बाजारात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एरवी रविवारी सकाळी सेव-उसळ आणायला निघालं की स्कूटर लावायला जागा मिळत नाही. त्या दिवशी आमच्या हिंचक्याच्या कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या. बाबा त्यावर बसून होते, हातात पेपरसुद्धा नाही.

आठवड्यापूर्वी त्यांचे शाळेपासूनचे मित्र गेले. कोरोनानं नाही, हृदयविकारानं. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले, बाबा बहात्तरचे, त्यात मधुमेह. जाणं शक्यच नव्हतं. काकांच्या मुलानं खासवाडीच्या स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला, तर बाबांनी फोन तसाच माझ्या हातात परत दिला. रोज संध्याकाळी सूरसागरला फेरी मारणारी ही जोडी. त्या दिवसापासून बाबांचं बोलणं गोळी, दूध आणि 'पंखा बंद कर' एवढ्यावर आलं होतं.

दुपारी मोबाइल चाळताना दिसलं की नुकतीच, 30 एप्रिलला, दादासाहेब फाळक्यांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. आणि 3 मे तर 'राजा हरिश्चंद्र'चा दिवस. 1913 साली याच तारखेला तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला होता. "बाबा, थिएटरच्या नावातच कोरोना होता," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. मी तरी लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"फाळके आपल्या कलाभवनातले," बाबा हिंचक्यावरूनच म्हणाले. आठवड्यातलं त्यांचं पहिलं सरळ वाक्य. "चार वर्षं तिथे काढलीस ना तू?"

काढली होती. सयाजीरावांनी 1890 साली काढलेलं कलाभवन म्हणजे आजची आपली टेक्नॉलॉजी फॅकल्टी. माझी बी.ई. तिथलीच. घुमटाखालून हजार वेळा गेलो असेन, पण त्याच संस्थेत फाळके चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले, हे मला कुठल्याही सेमिस्टरला कळलं नाही. पुढचं बाबांनी सांगितलं. फाळक्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला. तिथे असताना प्लेगच्या साथीत पत्नी गेली, मूल गेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ काढला. पण कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा गावात पसरली आणि धंदा बसला. साथीच्या काळात अफवा कशा पळतात, हे त्या दिवसांत आम्हाला कोणी सांगायला नको होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर हळदीच्या वाफेचे चौदा व्हिडिओ पडलेले होते.

चित्रपट सुरू झाला. आवाज नाही, त्यामुळे कुरकुर चालूच. राजा मुलाला धनुष्य चालवायला शिकवतो, राणी तारामती बाजूला उभी. ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके. काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या या तरुणाला साडी नेसवली. रोहिदास म्हणजे फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. आणि पडद्यामागे सरस्वतीबाई, दुसऱ्या पत्नी, फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत. त्या बाईंवर मी एक अख्खा सिनेमा बघेन.

पण मला सगळ्यात आवडली ती या चित्रपटाच्या आधीची खटपट. भांडवल मिळावं म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून रोप पडद्यावर झरझर वाढवून दाखवलं. घरबसल्या, एका कुंडीवर!

चित्रपट चार रिळांचा. त्यातली पहिलं आणि शेवटचं अशी दोनच उरली, असं सांगतात. त्यामुळे गोष्ट एकदम उडी मारते. मी म्हटलं, "मधलं कुठे गेलं?"

बाबांनी रिमोट मागितला, चित्र थांबवलं आणि मधली रिळं स्वतः सांगायला लागले. राज्य गेलं, काशीत राणी विकली, मुलगा विकला, राजा डोंबाकडे स्मशानात राखणीला राहिला. मग रोहिदासाला साप चावतो आणि तारामती एकटी त्याला घेऊन स्मशानात येते. "आणि हा तिच्याकडे कर मागतो," बाबा म्हणाले. "ती एकटी. चार माणसंसुद्धा नाहीत बरोबर."

हिंचका थांबला.

"त्याच्या वेळी किती जण होते रे?"

"पाच, बाबा."

"पुढे कोण होतं?"

मी सांगितलं. मुलगा पुढे होता, जावई सुरतेत अडकलेला, पुरोहित मास्क लावून लांब उभे. मी बघितलं होतं ते सगळं सांगितलं. बाबांनी मध्येच विचारलं, लाकडं नीट होती का. होती, म्हटलं. ऊन होतं का. होतं. ते ऐकत राहिले आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिले. मी टीव्हीवर थांबलेल्या चित्राकडे बघत बसलो, दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

शेवटचं रीळ आम्ही पाहिलं. देव आले, मुलगा उठला. बाबा म्हणाले, "ट्रिक चांगली केलीय." मग त्यांनी चष्मा पुसला, वहीतून काकांच्या घरचा नंबर काढला आणि डायल करून फोन कानाला लावला. "वहिनी, मी बोलतोय," एवढं मला ऐकू आलं. मी चहा टाकायला आत गेलो.