संकल्प आणि खिडकी

पूजेस बसतांना यजमान प्रथम संकल्प करितो. देश, काल, गोत्र व नाम यांचा उच्चार झाल्यावांचून पुढील विधि चालत नाहीं. पोथी सर्वांस एकच. परंतु पूजा कोणाची, तें संकल्पानें ठरतें. नातवाजवळ बसून पायथन भाषेंतील प्रोग्राम पाहूं लागल्यावर हीच रीत तेथेंही आमच्या दृष्टीस पडली.

ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. पडद्यावर खिडक्या व बटणें मांडण्याचें टीकेइंटर नांवाचें साहित्य बहुधा तिच्याबरोबरच मिळतें. त्यांत ‘क्लास’ ही जणू पोथी, व तिच्यावरून सिद्ध होणारी प्रत्येक खिडकी म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. ऑब्जेक्ट जन्मतांच जें कलम आपोआप चालतें, तो कन्स्ट्रक्टर. त्याच्या कंसांतील पहिलें पद ‘सेल्फ’, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. तें भाषाच भरते. दुसरें बहुधा ‘मास्टर’, म्हणजे जिच्या पोटांत ही राहावयाची ती मोठी खिडकी. हें झालें गोत्र. आपला क्लास ‘फ्रेम’ या मूळ क्लासपासून निघाला असेल, तर हें गोत्र मूळ कन्स्ट्रक्टरकडेही पोंचवावें लागतें. पुढचीं आर्ग्युमेंटें आपण ठरवावीं.

नातवानें घरांतील वडील माणसांकरितां औषधें दाखविणारा प्रोग्राम रचला. प्रत्येकाची खिडकी निराळी. बटण दाबतांच औषध दिसावें. प्रथम त्यानें नांव व औषध क्लासबाहेर, सामाईक जागीं ठेविलें. परिणाम असा कीं, वहिनींच्या खिडकींतील बटण दाबलें तरी मागाहून उघडलेल्या आमच्या खिडकीचें मधुमेहाचें औषध दिसूं लागलें. बटणाचें काम खिडकी रचतांना होत नाहीं, दाबतेवेळीं होतें; तोंवर सामाईक जागेंतील पहिली नोंद जाऊन दुसरी आलेली असते. वहिनींस विकार रक्तदाबाचा, आणि हातीं गोळी मधुमेहाची! हा थट्टेचा विषय नव्हे.

मग त्यानें दोन्ही गोष्टी कन्स्ट्रक्टरच्या कंसांत मागितल्या व आंत येतांच ‘सेल्फ’च्या पदरीं बांधिल्या. आतां प्रत्येक खिडकी आपलें औषध आपल्याजवळ राखते. एखादें आर्ग्युमेंट द्यावयाचें राहिलें, तर खिडकी सिद्धच होत नाहीं. यंत्र तत्काळ चूक दाखवितें. मागाहून भलतें औषध दिसण्यापेक्षां आरंभींचा हा अडथळा शतपटीनें बरा.

एकत्र कुटुंबांत कोठी, अंगण व देवघर सामाईक असणें हेंच शोभतें. औषधाची पुडी मात्र ज्याच्या त्याच्या नांवाचीच असावी.