कागदी घोडे

केंद्र सरकारच्या कचेरीत गेली बारा वर्षे आम्ही घोडे नाचवीत आलो आहोत. अर्थात कागदी. आपल्या टेबलावरून निघालेला घोडा चार टेबले फिरवून पुन्हा आपल्याच टेबलावर कसा आणावा, ही विद्या आम्हांस चांगली अवगत आहे. टिप्पणी तोकडी वाटली तर तीत खोगीरभरती कशी करावी, हेही आम्ही नव्या मंडळींस शिकवितो. खऱ्या घोड्याशी मात्र आमचा संबंध वरातीपुरताच होता. आणि आमच्या स्वतःच्या वरातीत तर आम्ही मोटारीत बसलो होतो.

तरीही भिलाईच्या स्मृतिनगरात आमची ख्याती आहे ती घोडेस्वारांच्या घराण्यातले म्हणून. ती आम्हीच पसरविली. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी हे १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडावर राज्य करीत होते, हे इकडे बदलून आलेल्या मराठी माणसाला आज ना उद्या कळते, आणि कळले की परमुलखात पाय जरा घट्ट रोवल्यासारखे वाटतात. आम्ही त्यात आमच्या पदरची भर घातली. आमचे एक पूर्वज भोसल्यांच्या फौजेत शिलेदार होते, असे आजोबा सांगत. पुरावा म्हणून घरी एक गंजलेली रिकीब आहे. पाहुणा आला की ती भिंतीवरून खाली उतरते आणि पोह्यांच्या बशीपाठोपाठ त्याच्या हाती जाते.

एके दिवशी आमच्या आठ वर्षांच्या चिरंजिवांनी ती रिकीब न्याहाळीत विचारले, "बाबा, आपने कभी घोड़ा चलाया है?" प्रश्न हिंदीत आला याचे दुःख मानावे, की उत्तर नाही याचे, हे आम्हांस समजेना.

ते उत्तर शोधण्याचा योग दिवाळीच्या रजेत आला. डोंबिवलीस मेहुण्यांकडे उतरलो होतो. मुंबईसारख्या राजधानीपासून दोन-अडीच तासांवर, जेथे मोटारीला मज्जाव आहे आणि घोडा हेच वाहन आहे, असे एक गाव अजून शिल्लक आहे, याची आठवण सौभाग्यवतींनी करून दिली. आम्ही माथेरानचा रस्ता धरला.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढले ते १८५० साली. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी आली १९०७ साली. ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आणली. त्यापूर्वी ही चढण घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी चढावी लागे. पुढे २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरविला. आजही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे तांबडी माती, जांभळी-हिरड्यांची सावली, आणि घोडे. प्रवासी वाहणारे परवान्याचे घोडे सुमारे ४६० आहेत. त्यांच्यावर चालणारी घरे किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

नाक्यावर ज्या वृद्ध गृहस्थांची घोडी आम्ही ठरविली, त्यांनी चिरंजिवांना उचलून खोगिरावर बसविले आणि लगाम सरळ त्यांच्या हाती दिला. आम्ही धसकलो. म्हातारबाबा म्हणाले, "पाय रिकिबीत अर्धाच घालायचा, बाळा. पुरा घातला तर पडताना अडकतो." चिरंजिवांनी मान डोलविली. बाजारपेठ येईपर्यंत ते दोघे एकमेकांशी काय बोलत होते, ते मागून धुरळा खात चालणाऱ्या आम्हांस ऐकू आले नाही. मुक्कामावर पोचताच चिरंजिवांनी जाहीर केले, की उद्या पहाटे आपल्याला आजोबांच्या पागेत जायचे आहे.

पागा हा शब्द आम्ही बखरींत वाचला होता. ही पागा म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, आणि लागूनच घर. घराचे आणि पागेचे दार समोरासमोर. पाच घोडे. आम्ही पोचलो तेव्हा पाचही वाजले नव्हते, पण घर केव्हाच जागे झालेले होते. सूनबाई रात्री भिजविलेले हरभरे कोंड्यात कालवून तोबरे भरीत होत्या. कोणत्या घोड्याला किती चंदी, हे त्यांना तोंडपाठ होते. मुलगा लीद ओढीत होता. नातू एका घोडीचा पाय गुडघ्यावर घेऊन खुरातली माती कोरीत होता. म्हातारबाबा स्वतः खरारा करीत होते, आणि घोडा डोळे मिटून उभा होता. हे रोज, पावसाळ्यातही, सणावारीही. दगडाधोंड्यांतून चालून नाल झिजतात. ते वेळेवर बदलावे लागतात. उशीर झाला तर घोडा लंगडतो, आणि घोडा लंगडला की घरही लंगडते.

आम्ही आमच्या शिलेदार पूर्वजांची गोष्ट काढली. स्मृतिनगरात ती हमखास रंगते. म्हातारबाबांनी खरारा न थांबविता विचारले, "शिलेदार म्हणजे कसा, साहेब?"

आम्ही समजावून सांगितले. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. लढाईत घोडा पडला तर शिलेदाराचे घर बसे. बारगिराला दुसरा घोडा मिळे.

"म्हणजे आम्ही शिलेदार," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

आम्ही मनातल्या मनात झडती घेतली. टेबल सरकारचे, लेखणी सरकारची, घरभाड्याचा भत्ता सरकारचा, ज्या सवलतीवर हा प्रवास केला ती सवलतही सरकारचीच. "आम्ही बारगीर," आम्ही कबूल केले. सूनबाई तोबरा बांधता बांधता हसल्या.

म्हातारबाबा मात्र हसले नाहीत. ते २०२० सालच्या टाळेबंदीविषयी बोलू लागले. "मोटार उभी करून ठेवली तर तेल मागत नाही, साहेब. घोडं उभं राहिलं तरी खातंच." डोंगरावर चिटपाखरू नव्हते. सात घोड्यांतले दोन त्यांना विकावे लागले. कोणते दोन, हे त्यांनी सांगितले नाही. सूनबाई आत निघून गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये येथे ई-रिक्षा चालवून पाहण्यात आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. "ते बरोबरच झालं," म्हातारबाबा म्हणाले. "माणसाला जुंपू नये. पण त्यांच्या जागी विजेची गाडी आली, म्हणजे घोड्यावर कोण बसेल?" मग नातवाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा बीकॉम झालाय. साहेब, याला तेवढा बारगीर करा."

आम्हांस एकदम आमचे घर आठवले. शिलेदाराच्या त्या कुळात केव्हातरी कोणीतरी, असाच कोणाच्या तरी साहेबाला, हेच म्हणाले असले पाहिजे. त्या दिवसाची आठवण आमच्या घरात कोणी ठेवली नाही. रिकीब तेवढी ठेवली.

परीक्षेची माहिती आमच्याइतकी कोणाला असणार? कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती, वयाची अट, अर्जासोबतचे दाखले, सारे आम्ही सांगितले. गवताच्या भाऱ्यावर सामान्य ज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक उघडे पडले होते. नातवाने निमूटपणे ऐकून घेतले, घोडीचा पाय अलगद खाली ठेवला आणि विचारले, "तिकडे सकाळी किती वाजता जावं लागतं?"

"साडेनऊला."

"मग त्याच्या आधी काय करता?"

आम्हांस उत्तर सुचेना. वर्तमानपत्र वाचतो, असे म्हणणे त्या पागेत उभ्याने शोभले नसते.

निघण्यापूर्वी म्हातारबाबांनी आम्हांसही घोडीवर चढविले. त्या प्रसंगाचे वर्णन सौभाग्यवती अधिक चांगले करतात, म्हणून आम्ही ते टाळतो. एवढेच सांगतो, की आम्ही दोन्ही हातांनी लगाम आवळून धरला होता, आणि घोडी मान वर करून जागच्या जागी फिरत होती. "सोडा, साहेब," म्हातारबाबा म्हणाले. "तिच्या तोंडाला लागतंय. गुडघ्यांनी धरा, हातांनी नको. वाट तिला माहीत आहे." आम्ही हात सैल केले. घोडी चालू लागली. पागेपासून वळणापर्यंत आणि परत, एवढीच आमची आजवरची स्वारी.

आता स्मृतिनगरात परतून काही आठवडे झाले आहेत. गेल्या रविवारी कचेरीतले एक सहकारी सहकुटुंब आले. आम्ही रिकीब काढली नाही, चिरंजिवांनी काढली. भिलाईत जन्मलेल्या, घरातल्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देणाऱ्या त्या मुलाने ती जमिनीवर ठेवली, तीत आपला पाऊल घातला, आणि पाहुण्यांच्या मुलाला बजावले, "पाय अर्धाच घालायचा. पुरा घातला तर पडताना अडकतो." दोन दिवसांत पागेतून त्याने एवढे मराठी आणले होते. आठ वर्षांत आम्ही त्याला रिकिबीचा इतिहास सांगितला होता. ती कशासाठी असते, हे सांगितले नव्हते, कारण ते आम्हांसच ठाऊक नव्हते.

काल माथेरानहून दूरध्वनी आला. नातवाने अर्ज भरला आहे. पाच जणांच्या त्या घरात महिन्याचा पगार आला, तर पुन्हा कधी टाळेबंदी आली तरी घोडा विकावा लागणार नाही, हे आम्हांस कळते. पण तो निवडला गेला, तर पहाटे त्या घोडीचा पाय गुडघ्यावर कोण घेईल, हा विचारही डोक्यातून जात नाही. अभ्यासासाठी जुन्या प्रश्नपत्रिका त्याने मागितल्या आहेत. आज कचेरी सुटल्यावर आम्ही त्या टपालात टाकल्या.