मुंबईची नोकरी, आठ हजार रुपये आणि ‘मानधन’ नावाचा शब्द



गेले पंधरा दिवस बार्शीत चहाच्या टपरीवर, तहसीलच्या आवारात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न येतोय. “काय पत्रकार, मुंबईला चाललाय म्हणं?” प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण विषय माझ्या एकट्याचा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हाच हिशेब चालू आहे.

हो, ऑफर आली होती. मुंबईतल्या एका न्यूज चॅनेलच्या डिजिटल डेस्कवर. डिप्लोमाला माझ्याबरोबर असलेला एक मित्र तिथं आहे, त्यानं नाव सुचवलं. फोनवर दोन मुलाखती झाल्या आणि मेलवर कागद आला. वर्षाला ७ लाख ८० हजार. म्हणजे महिन्याला ६५ हजार. पंचेचाळिशीत, तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातम्या केल्यावर असा आकडा समोर आला की माणूस खुर्चीतनं उठतो. मी पण उठलो. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो.

आजकालच्या ऑफरमध्ये जो मोठा आकडा असतो त्याला ‘सीटीसी’ म्हणतात, म्हणजे कंपनीला आपण केवढ्याला पडतो तो आकडा. आपल्या हातात येतो तो वेगळा. माझ्या कागदावर दहा टक्के रक्कम ‘कामगिरीनुसार’ होती, म्हणजे मिळाली तर मिळाली. कंपनीनं भरायचा पीएफचा हिस्सा त्यातच धरलेला. ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच. मग माझा पीएफ आणि व्यवसाय कर वजा. खाली राहिले साधारण ५२ हजार. तरीही चांगलेच.

आता इथलं सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. पेपरकडून महिन्याला ९ हजार मिळतात. बाकी जाहिरातीचं कमिशन, दिवाळी अंक, कुणाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन असं धरून सरासरी २२ हजारांवर गाडी जाते. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. ऑक्टोबरात ४० होतात, जूनमध्ये ११. बायको अंगणवाडी सेविका आहे, तिचे १३ हजार. घरात एकूण ३५.

पहिला पर्याय, सगळ्यांनी मुंबईला जायचं. मुंबई म्हणजे आपल्यासाठी डोंबिवली, बदलापूर. घरभाडं १४ हजार, प्रवास आणि वरखर्च ४ हजार. राहिले ३४. पण बायकोचे १३ हजार गेले, कारण सेविकेची नेमणूक स्थानिक रहिवासी म्हणून होते. शिक्षकासारखी बदली मागून ती मुंबईला येऊ शकत नाही. सोळा वर्षं तिनं त्या अंगणवाडीत काढलीत, ती तिथंच ठेवून यावी लागणार. म्हणजे सगळं घर उचलून न्यायचं आणि महिन्याला आजच्यापेक्षा हजार रुपये कमी.

दुसरा पर्याय, मी एकट्यानं जायचं. कॉट बेसिसवर राहायचं, बाहेर खायचं, लोकलचा पास काढायचा, महिन्यातून दोनदा गावाला यायचं. २२ हजार खर्च. ३० हजार घरी पाठवायचे, बायकोचे १३ चालू. झाले ४३. आजच्यापेक्षा ८ हजार जास्त.

आठ हजार. सगळी वजाबाकी करून ६५ हजारांतनं एवढे उरतात. मग मी वहीचं पान उलटलं आणि मागं लिहिलं, की हे आठ हजार नेमके कशाचे?

डेस्कवर आठवड्याला एक सुट्टी, आणि ती रविवारी मिळेलच असं नाही, फिरती असते. रात्री मुंबईतनं लातूर-बिदरकडची गाडी धरली तर पहाटे बार्शीत उतरणार आणि त्याच दिवशी मध्यरात्री परत चढणार. घरात वीस तास, त्यातले पाच झोपेत. महिन्यात दोन फेऱ्या म्हटल्या तर जागेपणी तीस तास घरी. सुट्टी मंगळवारी आली तर पोरगी शाळेत आणि बायको अंगणवाडीत, मग त्या तीस तासांतही माझ्यासमोर आई आणि टीव्ही.

पोरगी यंदा दहावीला. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही जावा. फक्त रोज फोन करून किती वाचलं ते विचारू नका.” आई बहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. तिनं काहीच सांगितलं नाही. फक्त दोन दिवसांनी विचारलं, “तिकडं पाऊस लई असतोय का रे?”

बायकोनं मात्र वही वाचली. सगळे आकडे बोट ठेवून वाचले. मग म्हणाली, “तुम्ही गेलात की आईंचा दवाखाना, पोरीची शिकवणी, नळाला पाणी आलं की मोटर लावणं, लग्नकार्यं, रात्री-अपरात्री कुणी आलं-गेलं, ही सगळी नोकरी मला लागली. तिचा पगार ह्या आठ हजारांत किती धरलाय?”

माझ्या वहीत तो रकाना नव्हता. कुठल्याच ऑफरच्या कागदावर नसतो. सही एक जण करतो आणि कामाला दोन-तीन माणसं लागतात.

रविवारी रात्री आपल्या स्टँडवर जाऊन बघा. पुण्याच्या गाडीला उभं राहायला जागा नसते. चाकणला, हिंजवडीला कामाला असलेले नवरे परत निघालेले असतात. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या पायाला चिकटलेलं पोरगं. ह्या माणसांच्या बायका आठवडाभर म्हाताऱ्यांचं करतात, शेताचं बघतात, बँकेच्या रांगेत उभ्या राहतात. त्या कंपनीच्या ताळेबंदात त्यांचं नाव कुठंही नाही, पण ती कंपनी चालते ती त्यांच्याही जिवावर.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग विचार तरी कशाला केला? तर तेही सांगतो, कारण जाण्याची कारणंही खरी होती.

पीएफ हे एक कारण. माझ्या नावावर आजपर्यंत एक रुपया जमा झालेला नाही. विमा हे दुसरं. तिसरं कारण पैशाचं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त ओढत होतं. तालुक्यातल्या बातमीदाराला ज्याची बातमी करायची त्याच्याकडंच वाढदिवसाची जाहिरात मागायला जावं लागतं. सोमवारी नगरपालिकेच्या ठेक्याची बातमी लावायची आणि गुरुवारी त्याच ठेकेदाराच्या ऑफिसात पाणी पीत बसायचं. तो हसत म्हणतो, “बातमी झकास होती हं, किती सेंटीमीटरची जाहिरात टाकू?” मी वीस वर्षांत जाहिरातीसाठी बातमी थांबवली नाही, हे मला ओळखणारे सांगतील. पण त्या खुर्चीत बसताना पाठ ताठ राहत नाही हेही खरं. मुंबईत हे नव्हतं. तिथं फक्त बातमी करायची होती.

म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. उलटा प्रस्ताव दिला. लिहून कळवलं की तुमचा पगार थोडा कमी करा, मी बार्शीत राहून सोलापूर, धाराशिव, लातूर बघतो. रोज दोन बातम्या, व्हिडिओसकट. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य भाषेत. तिकडं पद नाही.

हे वाक्य मी बरेच दिवस घोळवतोय. बातम्या तर इथंच आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, माढा, करमाळा, मोहोळच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा मुंबईहून दिवसाला दहा फोन येत होते. “व्हिज्युअल आहेत का? लोगो न टाकता पाठवा.” कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आमच्यातल्या पोरांनी पाठवले. पैसे विचारले की पलीकडून “बघतो” असं येई. म्हणजे पाणी इथं, माणूस इथं, मोबाईल इथं. पद तेवढं मुंबईत.

पत्रकारांच्या वेतनासाठी मजिठिया आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या वैध ठरवल्या. आम्हाला त्यातलं काय मिळालं? काही नाही, कारण बहुतेक तालुका वार्ताहर कागदावर कर्मचारीच नसतो. त्याला पगार नसतो, ‘मानधन’ असतं.

आणि इथं मला माझ्याच घरातली गंमत दिसली. बायकोला जे मिळतं तेही मानधनच. ती लहान पोरांना शिकवते, आहार देते, वजनं घेते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, ॲपवर फोटो टाकते, तरी ती मानसेवी. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका पन्नासएक दिवस संपावर होत्या, त्यात ही पण होती. ग्रॅच्युइटी, पेन्शन ह्या तेव्हाच्याच मागण्या. मी त्या मोर्चाची बातमी केली होती. तेव्हा ती मला तिची लढाई वाटली. आता वही मांडल्यावर कळतंय की एका घरात दोन माणसं पूर्ण वेळ राबतात आणि दोघांपैकी एकालाही पगार नाही. दोघांना मान आणि थोडं धन.

दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाला आमचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, आणि १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढला तो मुंबईतनं. तेव्हा छापखाना, शिक्षण सगळं तिकडंच होतं, जाण्याला इलाज नव्हता. आज बातमी खिशातल्या फोनवरनं जाते. तरी पगार हवा असेल तर गाव सोडा, आणि गावात राहायचं असेल तर मानधनावर भागवा, हीच अट आहे. लोक ह्याला ‘वैयक्तिक निर्णय’ म्हणतात. मला तो वैयक्तिक वाटत नाही. पद कुठं ठेवायचं हे कुणीतरी दूर बसून ठरवतं आणि माणूस कुठं राहील ते त्यातनं आपोआप ठरतं.

तर मंडळी, मी नाही म्हणून कळवलंय. गावावरच्या प्रेमापोटी मी त्याग वगैरे केलेला नाही, कृपया तशा कमेंट करू नका. ८ हजारांसाठी तीन बायकांवर, एक बहात्तरची, एक चाळिशीची, एक पंधराची, जे काम पडलं असतं त्याची किंमत मला जास्त वाटली. हीच ऑफर दहा वर्षांपूर्वी आली असती, पोरगी लहान असती, आई धडधाकट असती, तर कदाचित गेलो असतो. जे गेले ते चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांची वही वेगळी असेल.

न जाण्याचीही किंमत आहे आणि ती मी भरतोय. पीएफ नाही, विमा नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा जाहिरातीसाठी पायऱ्या चढायच्या आहेत. ह्याचा त्रास होणार. ‘गावातच सुख असतं’ असं गुळगुळीत वाक्य लिहून मी तो झाकणार नाही.

एकच विनंती. तुमच्या घरात अशी ऑफर आली तर मोठ्या आकड्याखाली रेघ मारून घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येकाच्या नावापुढं लिहा, ह्या नोकरीनं त्याला काय मिळतंय आणि त्याच्याकडनं काय जातंय. आणि ते एकट्यानं लिहू नका. ज्याची नावं लिहिताय त्यांच्या हातात पेन द्या.

ज्यांचे नवरे पुण्या-मुंबईला आहेत त्या ताई-वहिनींनी खाली लिहिलं तर बरं वाटेल. हा हिशेब आजपर्यंत जाणाऱ्यांनीच सांगितलाय, मागं राहणाऱ्यांकडनं तो फारसा ऐकलेला नाही.