साठीनंतर वेगळं होऊ पाहणाऱ्या ताईंना

ताई,


तुम्ही घटस्फोटाचा अर्ज करायचं ठरवलंय. नवरा निवृत्त झाला, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि इतकी वर्षं कामाच्या रगाड्यात जे झाकलेलं होतं ते आता सकाळपासून रात्रीपर्यंत समोर असतं. ‘या वयात कशाला?’ असं म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. मी त्यांतली नाही. उरलेलं आयुष्य मनासारखं जगावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी काळजी वेगळी आहे. तिशीतल्या बाईचा घटस्फोट आणि तुमचा घटस्फोट कायद्याच्या पुस्तकात एकच असला, तरी पैशांच्या हिशेबात एक नाही. तिला पुढे कमावता येतं. तुम्हाला आहे तेवढंच पुरवायचं आहे, कदाचित आणखी वीस-पंचवीस वर्षं. (घरात मारहाण होत असेल, तर मात्र हे पत्र बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा, 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागा. हिशेब मागाहून होईल.)

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहिते. घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता बायकोची, असं अनेकजणी समजून चालतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात तसं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात तसं नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. तुमच्या पगारातून हप्ते गेले असतील तर जुनी पासबुकं, कर्जाची कागदपत्रं आत्ताच शोधून ठेवा. वीस वर्षांपूर्वीचं काही सिद्ध करायचं तर कागदच लागतो. तुमचे दागिने मात्र तुमचेच आहेत. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर आत काय काय आहे याची यादी करा.

आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला असेल, तर त्याच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. केंद्र सरकारच्या नियमांत ते साधारण शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतं आणि महागाई भत्त्याबरोबर वाढत जातं. घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही पत्नी राहत नाही आणि हा हक्क संपतो. त्याने निवृत्तीनंतर दुसरं लग्न केलं, तर ती पेन्शन त्या नव्या पत्नीला मिळू शकते. पस्तीस वर्षं त्याच्या बदल्यांमागून बिऱ्हाड हलवलं तुम्ही, आणि कागदावर त्याची काही नोंद नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच ते सही करण्याआधी तुम्हाला ठाऊक असावं असंही वाटतं. त्याच्या सरकारी आरोग्य योजनेतलं किंवा कंपनीच्या मेडिक्लेममधलं तुमचं नावही जातं, आणि पासष्टीत मधुमेह-रक्तदाब असताना नवी पॉलिसी सहज मिळत नाही. शिवाय घटस्फोटित पत्नी नवऱ्याची वारस उरत नाही.

पोटगी आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. त्याचं एकमेव उत्पन्न पेन्शन असलं तरी ती मागता येते. पत्नीच्या पोटगीसाठी पेन्शनवरही जप्ती येऊ शकते असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019मध्ये म्हटलं आहे. दोघांनीही आपल्या मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिला. पण महिन्याची पोटगी ज्या पेन्शनमधून येते, ती पेन्शन त्याच्याबरोबर संपते. तो सत्तर वर्षांचा आणि तुम्ही चौसष्टच्या असाल, तर हा प्रश्न आजच विचारायला हवा. म्हणून या वयात एकरकमी पोटगीचा आग्रह धरा. ते जमत नसेल तर कलम 25खाली पोटगीचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवून मागा. करातही फरक आहे: एकरकमी पोटगी सर्वसाधारणपणे करपात्र धरत नाहीत, दरमहाची धरतात.

वेगळं व्हायचंय, पण पुन्हा लग्न करायचं नाही, असं असेल तर आणखी एक वाट आहे. वकील ती आपणहून सांगतीलच असं नाही. कलम 10खाली न्यायिक विभक्तता मागता येते. तुम्ही कायदेशीरपणे वेगळ्या राहता, पोटगी मागू शकता, आणि कायद्याने पत्नीही राहता. केंद्राच्या पेन्शन नियमांत अशा पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क, व्यभिचाराचा ठपका नसेल तर, टिकतो. राज्य सरकारच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीसाठी संबंधित कार्यालयात खात्री करून घ्या. एक धोका मात्र आहे: हुकमानंतर वर्षभर एकत्र न आल्यास दोघांपैकी कुणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं. म्हणजे ही वाट कायमची सुरक्षित नाही.

ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 89 वर्षांच्या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्याचं प्रकरण होतं. 82 वर्षांच्या पत्नीने घटस्फोटाला विरोध केला, आणि न्यायालयाने तो दिला नाही. वाद नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत चालू शकतो, हे त्यातून दिसतं. म्हणून तुमचं त्याच्याशी थोडं तरी बोलणं उरलं असेल, तर परस्पर संमतीचा अर्ज करा. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं; पुढचे सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असा 2017चा निकाल आहे. संमतीच्या अटींत ‘सर्व हक्क सोडले’ असं मोघम वाक्य घालू देऊ नका. फ्लॅट, मुदत ठेवी, मेडिक्लेमचा हप्ता, प्रत्येक गोष्ट तारखेसकट लिहून घ्या. घर तुमच्या नावावर करायचं ठरलं असेल तर ते हुकमाआधी उरकता येतं का पाहा: महाराष्ट्रात पतीने पत्नीला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. घटस्फोटानंतर तुम्ही पत्नीच नसता. तुमच्या ठेवींवर, फंडावर, विम्यावर नॉमिनी म्हणून अजून त्याचंच नाव असेल, तेही बदला, आणि स्वतःचं मृत्युपत्र करा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मिळेल तिथे सही करू नका. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. जाताना त्याच्या पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, फ्लॅटचं विक्रीखत आणि तुमची सगळी पासबुकं बरोबर घेऊन जा.

तुमची,
तुमच्याच पिढीची एक बाई