मोठ्या आईची सही

आमच्या घरात कागद लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. अक्षर बरे, त्यातून बी.एस्सी. ॲग्री झालेलो, म्हणून कर्जाचा अर्ज असो की भावकीतला करार, कोरा कागद माझ्यापुढे यायचा. असे लिहिलेले पुष्कळ कागद आता आठवतही नाहीत. एक मात्र विसरता येत नाही. तो १९९४ सालचा आहे आणि त्यावर आमच्या मोठ्या आईची सही आहे.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. सह्याद्रीवर कोसळून झाल्यावर जो पाऊस उरतो, तो आमचा. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत, हा त्या काळचा रिवाज. चुलते लग्नानंतर तीन वर्षांत गेले ते १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली तेव्हाच कायमचे घरी आले. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत नऊ एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, बैलजोडी, सासू-सासरे, दोन मुलगे आणि आम्ही पुतणे, असा सारा पसारा मोठ्या आईच्या अंगावर होता. माझी आई सदा आजारी, त्यामुळे मीही तिच्याच ताटात वाढलो. शेताला मात्र गावात चुलत्यांचेच नाव. ते वर्षातून एकदा यात्रेला येत आणि बांधावर उभे राहून पीक बघत.

रब्बीची ज्वारी पेरताना चाड्यावर मूठ तिची. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको. बैलांच्या चालीने बी सुटले पाहिजे. मूठ सैल पडली तर दाट उगवते, आवळली तर तासात नांगे पडतात. कॉलेजात आम्हाला हेक्टरी दहा किलो बियाणे शिकवले होते. सुटीत घरी आलो तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने तिचे बी पेरणीआधी आणि पेरणीनंतर मोजून पाहिले. एकरी चार किलोला थोडे कमी भरले. म्हणजे शिफारस तीच! मी काही बोललो नाही.

बी ती स्वतः धरी. उभ्या मालदांडीत फिरून टपोऱ्या दाण्यांची कणसे हेरायची, त्यांना चिंधी बांधायची, ती वेगळी खुडून वेगळी बडवायची. मग राख आणि कडुलिंबाचा वाळला पाला घालून कणगीत भरायची आणि कणगीचे तोंड शेणामातीने लिंपायचे. काणीसाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळ, असे मी सांगितले तेव्हा तिने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. अर्ध्या शेतात चोळलेले बी पेरले, अर्ध्यात तसेच. कणसे आल्यावर दोन्हीकडची काणी मोजली आणि पुढच्या वर्षी गंधक आणायला मलाच दहिवडीला पिटाळले. प्रात्यक्षिक कसे घ्यावे हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा शिकवण्यात आले.

१९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. सुकडीची चव जिभेवर आहे आणि लाल मिलोची भाकरी बघून रडल्याचे आठवते. मोठी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरात कणगीत दीड पोते मालदांडीचे बी होते. पोरे रडतात म्हणून आजी म्हणाली, फोड कणगी. तिने फोडली नाही. सासूसुनेत त्यावरून महिनाभर अबोला होता, असे आई सांगे. आम्ही मिलोच खाल्ला. त्या वेळी ती मला कठोर वाटली असणार, आणि खरे सांगायचे तर आजही भरल्या कणगीशेजारी उपाशी पोरे निजवणे मला जमेल असे वाटत नाही.

१९७३ ला पाऊस झाला. वाफसा आला, पण गावात कित्येकांच्या घरी बी म्हणून दाणा नव्हता. तेव्हा तिने कणगी फोडली. मापट्याने मोजून घरोघर बी दिले आणि सुगीला तेवढेच परत घेतले, वर चिमूटभर नाही. दीड पोते बी म्हणजे पस्तीस-चाळीस एकरांची पेर. हा हिशेब मी पुढे मोठा झाल्यावर मांडला. तिने कधी मांडला नसावा.

गावातल्या निम्म्या माणसांची नाळही तिनेच कापलेली. बाई अडणार असे दिसले की हट्ट न धरता ती गाडी जुंपायला लावी. अशा दोन-तीन बाया तिने वेळेत दवाखान्यात पोहोचवल्या.

आणखी एक सांगायला हवे. ग्राम शिक्षण मोहीम १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यातच सुरू झाली. रात्री देवळात कंदील लावून वर्ग भरे. मोठी आई तेव्हा अठ्ठाविशीची असेल. धाकट्याला मांडीवर घेऊन ती अक्षरे गिरवायला शिकली. पुढे तिला वाचताना मी फारसे पाहिले नाही, म्हणून ते विसरली असेल असे धरून चाललो.

चुलते १९८८ ला गेले. वारस म्हणून दोन मुलांबरोबर तिचेही नाव सातबाऱ्यावर लागले. पुढे वाटण्या निघाल्या. दर कर्जाच्या वेळी म्हातारीला तालुक्याला न्यावे लागते, तिचे नाव कमी झालेले बरे, असे ठरले. कोणी ठरवले? आम्ही पुरुषांनी, ओसरीवर बसून. ती आत भाकरी थापत होती. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सुरेख अक्षरात लिहिले, की मी माझा हिस्सा स्वखुशीने सोडीत आहे, माझी काही एक तक्रार नाही. ती वाक्ये माझी, तिला एका शब्दाने न विचारता तिच्या तोंडी घातलेली. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, कागद बराच वेळ डोळ्यांपुढे धरला आणि सही केली. ती माझे अक्षर बघते आहे असे मला वाटले! त्याच वर्षी जूनमध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क देणारा कायदा राज्यात लागू झाला आणि मी तो गावोगावच्या सभांत मोठ्या उत्साहाने समजावून सांगत फिरलो.

पुढे वीस वर्षे नोंदवहीत मी तिच्या शेताची पाहणी लिहीत गेलो ती भावांच्या नावे. २०१३ साली, दुष्काळ ओसरल्यावर, गावातच चांगले बियाणे धरणाऱ्यांसाठी एक योजना आली. मी आनंदाने तिचा अर्ज भरला. तो परत आला, कारण सोबत तिच्या नावचा सातबारा नव्हता. परत पाठवणाऱ्याचे काही चुकले नव्हते. अखेर अर्ज धाकट्या दादांच्या नावे गेला. दादा पुण्यात टेंपो चालवत. शेतात उभे राहिलेले मी त्यांना दहा वर्षांत पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "तेव्हा कागदात काय आहे ते तुला सांगायला हवं होतं."

"सांगायचं कशापायी? म्या वाचला की."

"मग सही का केलीस?"

ती दाणे पाखडत होती. सूप थांबले नाही. "नसती केली तर पोरं तुटली असती. मला जमीन नगं हुती रं. येकदा कुनी इचारायचं तरी हुतं."

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे चौदा निघाल्या. शंभर शेतांत खुरप्यावर कोण बसलेले असते हे या साप्ताहिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. ते आकडे वाचताना मला कोणाचा राग येईना, कारण त्यातल्या एका नावाची खोड माझ्याच हातची होती.

तिचा हिस्सा परत लावून देऊ, असे मी सुचवले. "माजं काय आता? सुनंचं बघ," ती म्हणाली. धाकट्या दादांची बायको तिच्याजवळच राहत होती आणि शेत तीच बघत होती. नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या जमिनीत बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर शासनाने १९९२ साली तसे परिपत्रकच काढले आहे. मी ते दादांना दाखवले. दादा नाही म्हणाले नाहीत, पण पुण्याहून यायला त्यांना दोन वर्षे सवड होईना. मग दिवाळीत ते आले तेव्हा मोठी आई म्हणाली, अर्ज झाल्याबिगर ताट वाढायचं न्हाय. अर्ज झाला. लिहिला मीच, पण या खेपेला ओसरीवर वहिनींना बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी बदल सांगितला.

उतारा हाती आला तो मी पेढ्यांसह घरी नेला. मोठ्या आईने चष्मा लावला, बोट ठेवून वाचले आणि उतारा माझ्याकडे परत दिला. "नावात काना ऱ्हायलाय. नीट करून आन." वहिनींनी, दादांनी आणि मी, तिघांनीही तो बघितला होता. दुरुस्तीला चार महिने लागले.

२०२२ च्या हुरड्याच्या दिवसांत ती गेली. नव्वदीची असेल, जन्माची नोंद कुठे नाही. कणगी आता वहिनींकडे आहे. गावात पेरणी बहुतेक ट्रॅक्टरने होते, पण बियाण्याचा अर्धा एकर त्या अजून तिफणीने पेरतात. गेल्या हंगामात मी पाहणीला गेलो, तेव्हा त्या चाड्यावर मूठ धरून चालत होत्या. तास संपल्यावर थांबल्या. मी नोंदवही उघडून शेतकऱ्याच्या रकान्यात त्यांचे नाव लिहिले.

"काना बघून घ्या, भावजी," त्या म्हणाल्या आणि पुढचे तास धरले.