टोचन: डेन्व्हर ते मोआब

डेन्व्हर, कोलोराडो
२४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निखिल आणि सूनबाई मजेत आहेत. खाण्यापिण्याचं सगळं बाकीच्यांना कळवलं आहे; तुला जीपबद्दलच लिहितो, कारण फोनवर तू तेवढंच विचारलंस: चालती जीप ओढून कशाला न्यायची?

जीप २००४ सालची रँगलर आहे. चार लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, हातगिअर, पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल. निखिलने ती उंच करून घेतली आहे, टायर मोठे घातलेत, पुढे विंच बसवली आहे. खडकावर ती घोरपडीसारखी चिकटून चढते. पण इथून युटामधल्या मोआबपर्यंत साडेतीनशे मैल हायवे आहे. एवढं अंतर कापडी टपाच्या फडफडाटात आणि टायरच्या घरघरीत कापायचं, वर खडकांवर काही मोडलं तर परत यायचं कसं, हाही प्रश्न. म्हणून ती टोयोटा टॅकोमाच्या मागे लावून न्यायची. टॅकोमा म्हणजे इथल्या हिशेबाने छोटा पिकअप ट्रक.

जीप ट्रेलरवर का चढवत नाही, हे मीही विचारलं. ट्रेलरचंच वजन आठ-नऊशे किलो असतं. ते जीपच्या वजनात मिळवलं की छोट्या ट्रकची मर्यादा जवळजवळ संपते. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढलं की फक्त जीपचंच वजन मागे राहतं, आणि ट्रकच्या पाठीवर भार जवळपास पडतच नाही.

तरी आकडे बघ. जीप ट्रकस्टॉपच्या काट्यावर अठराशे किलोच्या घरात भरली. ट्रक रिकामा दोन हजाराच्या आसपास. म्हणजे जवळपास स्वतःएवढंच वजन तो मागे घेणार! टॅकोमाला कंपनीचं टोइंग पॅकेज असेल तर सुमारे २,९०० किलो ओढायची परवानगी आहे; नसेल तर १,६०० किलोच्या आतच. दिसायला दोन्ही ट्रक सारखेच, हुकही सारखाच लावता येतो. निखिलने ट्रक घेतानाच हे पाहिलं होतं. शिवाय दोन्ही गाड्या, माणसं, पाणी, सामान या सगळ्यांच्या एकत्रित वजनाचीही वेगळी मर्यादा असते, तीही त्याने काट्यावरच तपासून घेतली. पोरगा तुझ्याच हाताखाली शिकलाय, दिसतं ते.

उद्या सकाळी जोडणार. लिहीनच.

तुझा,
अरुण


ग्लेनवूड स्प्रिंग्ज, कोलोराडो
२५ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

आज अवघड टप्पा पार पडला. पण आधी जोडणी सांगतो, तुला त्यातच रस.

आपल्याकडे टोचन म्हटलं की मागच्या गाडीत स्टिअरिंगवर एक माणूस असतो. इथे जीपमध्ये कोणीही बसत नाही. त्यामुळे त्या माणसाची सगळी कामं कशाकशावर तरी सोपवावी लागतात. सकाळचे दोन तास आम्ही तेच करत होतो.

जोडणीला दोरखंड नाही, इंग्रजी ए अक्षरासारखा पोलादी टो-बार. त्याची दोन टोकं जीपच्या चासीला बोल्ट केलेल्या ब्रॅकेटमध्ये, पिन घालून. तिसरं टोक ट्रकच्या हिचमध्ये. बार शक्यतो आडवा, जमिनीला समांतर हवा; दोन्ही टोकांच्या उंचीत तीन इंचांपेक्षा जास्त फरक चालत नाही. जीप उंच केलेली, ट्रकचा हिच खाली. तसंच जोडलं तर ब्रेक मारताना मागची गाडी पुढचीच्या अंगावर चढू बघते. म्हणून हिचमध्ये उंची वाढवणारा जोड घातला आहे. बारच्या खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावल्या. बार निसटला तर तो त्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही.

स्टिअरिंग मोकळं राहिलं पाहिजे, म्हणून किल्ली लॉकच्या आधीच्या खाचेत ठेवायची. मग पुढची चाकं ट्रकमागे आपोआप वळतात. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी ट्रान्स्फर केस न्यूट्रलला घातली. तेवढ्यावर निखिलचं समाधान नाही. त्याने इंजिन चालू केलं, गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. जीप जागची हलली नाही, तेव्हा कुठे त्याने इंजिन बंद केलं. गिअर तसाच पडलेला ठेवून हॅन्डब्रेक काढला. चालताना मागचा शाफ्ट फिरतो, त्याच्यावरच ट्रान्स्फर केसचा तेलपंप चालतो, म्हणून आतल्या भागांना तेल मिळत राहतं. न्यूट्रल अर्धवट लागला आणि गिअरबॉक्स चाकांशी जोडलेला राहिला, तर शंभर मैलांत त्याची वाट लागते.

आता ब्रेक. दादा, या सगळ्यात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. ओढायला इंजिन पुरतं, थांबवायला ट्रकचे ब्रेक पुरत नाहीत. ते ट्रकच्या स्वतःच्या आणि पाठीवरच्या वजनासाठी केलेले असतात. म्हणून ड्रायव्हरच्या सीटला टेकवून एक पेटी ठेवतात. तिचा हात ब्रेकच्या पेडलला चिमट्याने धरलेला असतो. ट्रकचा वेग कमी झाला की पेटीला ते जाणवतं आणि ती पेडल दाबते. जीपचं इंजिन बंद, त्यामुळे बूस्टरची मदत नाही. बूस्टरमध्ये उरलेली हवेची ओढ पेडल चार-पाच वेळा दाबून आधी संपवली आणि मगच पेटी बसवली, नाहीतर पहिला ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतो. शिवाय ट्रकपासून जीपपर्यंत एक बारीक तार. दोन्ही गाड्या सुटल्याच तर तारेची पिन उपटली जाते आणि जीपचे ब्रेक आपोआप लागतात. बऱ्याच राज्यांत ठरावीक वजनापुढे मागच्या गाडीला ब्रेक असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. छोट्या ट्रकसाठी मी म्हणेन, कायदा नसला तरी बंधनकारक.

दिव्यांची वायर जोडली, डावा-उजवा-ब्रेक तपासले आणि निघालो.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर. तिथून आय-७० रस्ता चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०१ मीटरवर जातो. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तीसेक टक्क्यांनी कमी होते. ट्रक तिसऱ्या गिअरवर, उजव्या लेनमध्ये. मागून येणारे ओलांडून जात होते, जाऊ दे. खरी परीक्षा बोगद्यानंतर. सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा सलग उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी कडेला गिट्टी भरलेले चढे रॅम्प बांधलेत. निखिलने उतार लागायच्या आधीच गिअर खाली घेतला. ब्रेकवर पाय ठेवून बसला नाही. थोडं दाबायचं, वेग उतरवायचा, सोडायचं. मी बाजूच्या आरशात जीपच्या पुढच्या चाकांकडे बघत होतो. सलग ॲक्सलच्या जीपला ट्रॅकबार किंवा टायरॉड एंड ढिला असला की खड्ड्यावरून जाताना पुढची चाकं थरथरायला लागतात आणि थांबत नाहीत. ट्रकमध्ये बसून ते लवकर कळत नाही. काल संध्याकाळी सूनबाई स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत होती आणि निखिल खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघत होता, ते याचसाठी.

निघाल्यावर पंधरा मैलांनी पहिला थांबा. चारही हबना हात लावला: कोमट, सारखे. एखादा चटका देत असता तर तिथला ब्रेक घासतोय असं समजायचं. पिना, क्लिपा पुन्हा पाहिल्या.

व्हेल खिंडीत ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली आहेत. पुढे ग्लेनवूड कॅन्यनमध्ये रस्ता नदीच्या अंगावरून पुलांवर टांगलेला. १९९२ साली पुरा झाला. पण डोळे रस्त्यावर आणि आरशात, शोभा बघायला वेळ कमीच.

एक सांगायचं राहिलं. ही जोडी मागे घेता येत नाही. रिव्हर्स टाकला की जीपची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि बार वाकतो. म्हणून पेट्रोलपंपात शिरतानाच बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. अडकलोच तर सोडवायचं, जीप वेगळी काढायची, पुन्हा जोडायचं. तेही सपाट जागी, दोन्ही गाड्या सरळ रेषेत असताना; एरवी बार ताणलेला राहतो आणि पिन हातोडीनेही हलत नाही.

अरुण


मोआब, युटा
२७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

काल पोचलो. लाल खडकांचा मुलूख आहे. १९५२ साली इथे जवळच युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि खाणवाल्यांनी डोंगरात वाटा कोरल्या. आज त्यातल्या कित्येक वाटांवर जीपा फिरतात. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास इथे जीपवाल्यांचा मेळा भरतो.

आज 'फिन्स अँड थिंग्ज' नावाच्या वाटेवर गेलो. टायरची हवा अर्धी केली, फोर-लो घातला आणि जीप नुसत्या उघड्या खडकावरून चढत गेली. तुला इथे आणायला हवं होतं.

परतीसाठी निखिलने आजच सगळं पुन्हा तपासायला घेतलंय. टायरमध्ये हवा परत भरायची, कारण नरम टायर हायवेवर तापून फुटतात. दिवसभर आपटून ट्रान्स्फर केसची लिंकेज हलली असेल, म्हणून न्यूट्रल खरंच लागतो का ते पुन्हा क्लच सोडून बघायचं. स्टिअरिंगचे सांधे पुन्हा. ॲक्सल किंवा स्टिअरिंग मोडलं असतं तर मात्र चार चाकांवर ओढून नेणं बंद, फ्लॅटबेडच बोलवावा लागला असता.

दादा, आपल्या गॅरेजवर हल्ली थारवाली पोरं बरीच येतात, घाटात अडकलेली जीप बोलेरोच्या मागे दोरखंडाने आणतात. त्यांना माझ्याकडून एवढं सांग. आधी गाडीचं पुस्तक उघडा आणि चारही चाकांवर ओढायची परवानगी आहे का, ते बघा. ट्रान्स्फर केसला न्यूट्रल नसेल, तर ओढू नका. पुढच्या गाडीचे ब्रेक दोघींना थांबवतील असं धरून घाट उतरू नका. खात्री नसेल तर दोन पैसे जास्त मोजा आणि फ्लॅटबेड मागवा.

तुझा,
अरुण